उजेड कुणाचा?

या महिन्याच्या टपालात आलेली सात पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या आहेत, पण मुळाशी सगळीकडे डोळ्याला न दिसणारा तोच उजेड आहे. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव अवरक्त. टेलिफोन खात्यात ३१ वर्षं मी त्याच्याशी झटापट केली, पण हा शब्द तिथे कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही 'आयआर', म्हणजे इन्फ्रारेड, म्हणायचो, आणि आमचे जुने साहेब म्हणायचे 'आंधळा उजेड'. उजेडाच्या लाटेची लांबी (तरंगलांबी) नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि आपल्याला दिसतं ते साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत. त्यापुढचा सगळा प्रांत त्याचा. साहेबांची एक सवय होती : कुठलंही यंत्र समोर आलं की आधी विचारायचे, "यात दिसतोय तो उजेड कुणाचा?" तीच सवय मला लागली आणि खालची उत्तरंही तिच्याच जोरावर दिली आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या गेटवर आम्ही कॅमेरे बसवलेत. परवा रात्री दोन वाजता पार्किंगमधून सायकल चोरीला गेली. चोराच्या अंगात काळा शर्ट होता असं वॉचमन शपथेवर सांगतो, फुटेजमध्ये शर्ट पांढराफटक. कमिटीतली निम्मी मंडळी वॉचमनलाच खोटं पाडतायत. शिवाय रोज तिन्हीसांजेला कॅमेऱ्यातून 'टक्' असा आवाज येतो. कॅमेरा बिघडला आहे का? — सेक्रेटरी, विक्रोळी

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, आधी वॉचमनची माफी मागा. बहुधा तोच खरं बोलतोय आणि कॅमेराही धडधाकट आहे.

कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या चिपला मुळातच इन्फ्रारेड दिसतो, जवळजवळ ११०० नॅनोमीटरपर्यंत. दिवसा तो आत आला तर रंग बिघडतात, म्हणून चिपसमोर त्याला अडवणारी एक काच असते. अंधारून आलं की छोटी मोटर ती काच बाजूला सरकवते. तोच तुमचा 'टक्'. पहाटे पुन्हा ऐकू येईल. काच सरकली की कॅमेऱ्याभोवतीचे एलईडी लागतात, बहुतेकदा ८५० नॅनोमीटरचे. अंधारात निरखून बघा, विझत्या निखाऱ्यासारखे लालसर दिसतील. काही कॅमेऱ्यांत ९४० चे असतात, ते अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा पल्लाही कमी पडतो. म्हणजे रात्रीच्या चित्रातला उजेड कॅमेऱ्याचा स्वतःचाच, आपल्याला न दिसणाऱ्या टॉर्चचा.

आता शर्ट. कापड काळं दिसतं कारण रंगाऱ्याने वापरलेला रंग दिसणारा उजेड गिळतो. ८५० चा उजेड गिळायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं! पॉलिस्टरच्या बऱ्याच काळ्या कपड्यांवरून तो जसाच्या तसा परत येतो आणि शर्ट पांढरा दिसतो. काजळीच्या जातीचा रंग असेल तर मात्र काळा तो काळाच. त्यामुळे फुटेजवरून कपड्याचा रंग कधीही सांगू नका. गेटजवळ कुंडीत तुळस असली तर तीही रात्री बर्फ पडल्यासारखी दिसेल, कारण पानं हा उजेड झपाट्याने परतवतात. पोलिसांना वर्णन देताना उंची, चाल, हातातली पिशवी, चपला सांगा. कपड्याच्या रंगापुरता वॉचमनचाच जबाब धरा.

जाता जाता : कॅमेऱ्यासमोर कोळ्याचं जाळं असेल तर रात्री तेच झगमगतं आणि मागचं सगळं पुसून टाकतं. पावसाच्या थेंबांचंही तसंच. महिन्यातून एकदा कुंचा फिरवायला सांगा.

प्रश्न : काकू, फायबरच्या कामाला लागून मला चार महिने झाले. टीव्हीच्या रिमोटचा लाइट मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो, म्हणून कस्टमरकडे फायबरचं टोक काढून तेही कॅमेऱ्यासमोर धरतो. काही दिसत नाही. परत जोडलं की नेट मात्र चालतं. आमच्या सीनियरकडे एक कार्ड होतं, त्यावर ठिपका उमटायचा. जाताना ते मला देऊन गेला, पण माझ्या हातात ते चालत नाही. — कुर्ला

उत्तर : तुझ्या पत्राने मला तीस वर्षं मागे नेलं, म्हणून तुला जरा जास्त जागा देते.

रिमोटचा उजेड ९४० नॅनोमीटरचा, सिलिकॉनच्या टप्प्यातला. म्हणून मोबाइलला तो जांभळट दिसतो, तोही मागच्या कॅमेऱ्यापेक्षा सेल्फीच्या कॅमेऱ्यात बरा. तुझ्या फायबरमधून येतो तो साधारण १४९० चा आणि घरातून परत जातो तो १३१० चा. ११०० च्या पुढचा उजेड सिलिकॉनच्या आरपार जातो. मोबाइल कितीही महाग असला तरी त्याला हा दिसणार नाही. उजेडाचा जोर मोजणाऱ्या तुझ्या पॉवर मीटरमध्ये वेगळं द्रव्य असतं, बहुधा इंडियम गॅलियम आर्सेनाइड. म्हणून त्याला कळतं.

आता कार्ड. ते चाललं नाही त्या रात्रीची गोष्ट सांगते. नोकरीचं सहावं वर्ष, जुलै महिना, आभाळ फाटलेलं. परळच्या बाजूची एक लाइन गेल्याची तक्रार आली. मी एक्स्चेंजमध्ये टोकाशी कार्ड धरलं, ठिपका नाही. दुसरं टोक धरलं, नाही. मी छातीठोकपणे कळवलं, केबल तुटली. चार माणसं रात्री पुलाखालचा मॅनहोल उघडून कमरेएवढ्या पाण्यात पंप लावून बसली. जॉइंट बाहेर काढला तर कोरडा ठणठणीत. तीनच्या सुमाराला साहेब आले. माझ्या हातून कार्ड घेतलं, ट्यूबलाइटखाली अर्धा मिनिट धरलं, मग फायबरच्या टोकाशी नेलं. केशरी ठिपका! बिघाड एक्स्चेंजमधल्याच एका कनेक्टरमध्ये होता. साहेब एवढंच म्हणाले, "बाई, कार्ड उपाशी होतं."

तीन आठवडे ते माझ्या पेटीत काळ्या पाकिटात पडलं होतं. त्या चार माणसांना दुसऱ्या दिवशी मी वडापाव खाऊ घातले, पण तोंड वर करून बघवलं नाही.

त्या कार्डावरच्या भुकटीत स्ट्रॉन्शियम सल्फाइडसारखं द्रव्य असतं आणि त्यात चिमूटभर दोन दुर्मीळ धातू, उदाहरणार्थ युरोपियम आणि समॅरियम. ट्यूबलाइट किंवा उन्हातला निळसर उजेड पडला की युरोपियममधला इलेक्ट्रॉन उडतो आणि समॅरियमच्या खड्ड्यात अडकून बसतो. तिथे तो तासन्‌तास बसतो. इन्फ्रारेडचा एक धक्का बसला की बाहेर पडतो, घरी परततो, आणि परतताना केशरी-लाल उजेड टाकतो. हिशेब नीट बघ. तुझ्या १३१० च्या एका फोटॉनमध्ये (उजेडाच्या एका कणात) जेवढी ऊर्जा आहे, त्याच्या दुपटीहून जास्त केशरी फोटॉनला लागते. इन्फ्रारेड एवढं देऊच शकत नाही. म्हणजे कार्डावरचा उजेड लेझरचा नाहीच, तो ट्यूबलाइटचा, ठेवीत ठेवलेला. लेझर फक्त पावती दाखवून ती ठेव काढतो. ठेव संपली की ठिपका विझतो. म्हणून एकाच जागी धरून ठेवलं की ठिपका फिका पडतो आणि जरा सरकवलं की पुन्हा उजळतो.

तेव्हा रोज काम सुरू करण्याआधी कार्ड उजेडात धर. तरीही कस्टमरच्या घरी ठिपका दिसेल याची खात्री धरू नकोस. आमचे लेझर मिलीवॉटच्या घरातले होते. तुझ्याकडे उजेड वाटेत वाटला जातो आणि घरी पोचेपर्यंत मिलीवॉटच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. तिथे मीटरच खरा. मीटरवर उणे २० डीबीएमच्या (मीटरचं जोराचं माप) आसपास आकडा आला तर निवांत राहा, उणे २७ च्या खाली गेला तर जॉइंट तपास.

आणि टोक डोळ्यासमोर धरून बघायचं नाही. कधीच नाही. केबल टीव्हीच्या लाइनवर १५५० चा उजेड यंत्राने वाढवून सोडतात, तो शंभर मिलीवॉटचाही असू शकतो. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि इजा होऊन जाते.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूमची थर्मल कॅमेऱ्याने तपासणी झाली. रिपोर्टात पट्ट्या निळ्या, म्हणजे गार, सगळं ठीक. पण मला तिथे जळका वास येतो. लोक म्हणतात, काकांच्या नाकापेक्षा मशीन खरं. — निवृत्त बँक कर्मचारी, चेंबूर

उत्तर : मी नाकाच्या बाजूने आहे.

या कॅमेऱ्याला स्वतःची टॉर्च नसते. इथे उजेड वस्तूचा स्वतःचा. कुठलीही वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णतेचा उजेड टाकत असते. आपल्या अंगाचा सर्वांत जोरात असतो तो साडेनऊ मायक्रोमीटरच्या (साडेनऊ हजार नॅनोमीटरच्या) आसपास, म्हणजे दिसणाऱ्या हिरव्या उजेडाच्या जवळपास अठरापट लांब. तो टिपायला चिपवर व्हॅनेडियम ऑक्साइडच्या हजारो चिमुकल्या फळ्या असतात, बारीक पायांवर अधांतरी उभ्या. एकेक फळी केसाच्या जाडीपेक्षा लहान. उजेड पडला की फळी किंचित तापते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलाचं चित्र होतं. निळा-लाल रंग यंत्राने आपल्या सोयीसाठी भरलेले. हे तंत्र अमेरिकेत १९९२ पर्यंत लष्करी गुपित होतं. आज माझा भाचा ते मोबाइलला लावून फिरतो.

त्याच भाच्याने स्वयंपाकघरात एक गोष्ट दाखवली. गॅसवर लखलखीत स्टीलच्या पातेल्यात चहाचं आधण खळखळत होतं, आणि कॅमेरा पातेल्याच्या अंगावर ४० अंशांच्या आसपास दाखवत होता. पातेल्याच्या पोटावर एक पिवळट धब्बा हलत होता. तो धब्बा म्हणजे मी! चकचकीत धातू स्वतःचा उजेड फार कमी टाकतो आणि समोरच्याचा आरशासारखा परतवतो. मग पातेल्याला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला, त्या तुकड्यावर आकडा नव्वदीपार.

तुमच्या मीटर रूममधल्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या म्हणजे तेच पातेलं. कॅमेऱ्यात दिसलेली 'गार' पट्टी म्हणजे बहुधा समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब. जाणकार तपासनीस पट्टी बघत नाही. पट्टीला केबल जिथे 'लग'ने (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीने) आवळलेली असते, तिथलं रबरी किंवा पीव्हीसी आवरण बघतो, आणि तिन्ही फेजची एकमेकांशी तुलना करतो. दोन फेज ३८ वर आणि तिसरा ६५ वर असेल तर तिथला नट ढिला आहे किंवा गंज धरलाय. दुसरी गोष्ट वेळेची. तपासणी सकाळी अकराला झाली असेल तर अर्धी बिल्डिंग ऑफिसात होती. ढिला जॉइंट तापतो तो प्रवाह वाहिला की, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. रात्री साडेदहाला, सगळे एसी चालू असताना पुन्हा बोलवा. चिकटपट्टीचा प्रयोग तुम्ही स्वतः मुळीच करायचा नाही. ते काम वीज बंद करून परवानाधारक माणसाचं. आणि वास आज येत असेल तर कॅमेऱ्याची वाट न बघता आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न : टीव्हीवर उपग्रहाचं चित्र रात्रीही दिसतं. अंधारात ढग कसे टिपतात? आणि आमच्याकडे धो धो पाऊस असताना चित्रात मुंबईवर ढग फिके का असतात? — इयत्ता नववी, गिरगाव

उत्तर : दुसरा प्रश्न फार छान आहे. मोठी माणसं हे विचारत नाहीत, हवामान खात्याला नावं ठेवतात.

सूर्य मावळला तरी ढगाचा स्वतःचा उष्णतेचा उजेड चालूच असतो. २०१३ साली सोडलेला इन्सॅट-३डी आणि त्याच्यानंतरचे भाऊ, २०१६ चा ३डीआर आणि २०२४ चा ३डीएस, ३६,००० किलोमीटरवरून साधारण ११ मायक्रोमीटरच्या आसपास बघण्यासाठी केलेले. चित्रात गार ते पांढरं, अशी उलटी रीत ठेवली आहे, म्हणजे ढग ढगासारखे दिसतात. उंच गेलेल्या ढगाचा माथा उणे ६० अंशांपर्यंत गार, म्हणून तो दुधासारखा. पण सह्याद्रीला अडून बरसणारे पावसाळी ढग पुष्कळदा बुटके असतात. त्यांचा माथा फारसा गार नसतो, म्हणून चित्रात फिका राखाडी. उपग्रह माथा बघतो, तू तळाखाली भिजतोस.

प्रश्न : डोळ्यांत घालायची लेन्स निघाली आहे, ती घातली की अंधारात दिसतं, असं मुलाने वाचलं. तो ट्रेकला जातो, त्याला हवी आहे. मिळेल का? सुरक्षित आहे का? — एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, बाजारात मिळत नाही, आणि मिळाली तरी राजमाचीच्या वाटेवर तिचा उपयोग नाही.

बातमी खरी आहे. मे २०२५ मध्ये चीनमधल्या हेफेइच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मंडळींनी ती प्रसिद्ध केली. मऊ लेन्समध्ये त्यांनी दुर्मीळ धातूंचे अतिसूक्ष्म कण मिसळले. हे कण इन्फ्रारेडचे दोन किंवा अधिक फोटॉन एकामागून एक गिळतात, त्यांची ऊर्जा एकत्र करतात आणि दिसणारा एकच फोटॉन बाहेर टाकतात. वरच्या कुर्ल्याच्या मुलाच्या कार्डात ठेव मोडायची होती, इथे दोघांनी वर्गणी काढायची. यात ट्यूबलाइटची उधारी नाही, बॅटरीही नाही. त्यांनी तीन वेगळ्या तरंगलांबींना तीन रंगही नेमून दिले : ९८० ला निळा, ८०८ ला हिरवा, १५३२ ला लाल. लेन्स घातलेल्या माणसांना एलईडीची उघडझाप ओळखता आली. डोळे मिटल्यावर तर जास्त चांगली, कारण पापणीतून इन्फ्रारेड बऱ्यापैकी आत येतो आणि बाकीचा उजेड अडतो.

पण वर्गणी म्हटली की गर्दी लागते. दोन फोटॉन जवळजवळ एकाच वेळी एकाच कणावर यायला हवेत, म्हणून समोर जोरदार एलईडी लागतो. शिवाय लेन्समधून उजेड सगळीकडे फाकतो. नेमकी आकृती दिसायला त्यांना वेगळा चष्मा करावा लागला. आणि जंगलात हे एलईडी लावणार कोण? बिबट्याच्या अंगाचा स्वतःचा उजेड नऊ-दहा मायक्रोमीटरचा, लेन्सची धाव १६०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे १.६ मायक्रोमीटर. दोघांची गाठच पडत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे रात्री फोटोत सापडतात ते ट्रॅप कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशमुळे.

मुलाला डोक्याला बांधायची चांगली टॉर्च घेऊन द्या. जादा सेल विसरू नका.

प्रश्न : नातवाने मनीष मार्केटमधून पेनाएवढा हिरवा लेझर आणलाय. विसर्जनाला घेऊन जाणार म्हणतो. हरकत नाही ना? — आजोबा, लालबाग

उत्तर : हरकत आहे. काढून घ्या.

अशा पुष्कळ पेनांत हिरवा उजेड मुळातला नसतो. आत ८०८ चा इन्फ्रारेड दिवा एका स्फटिकातून १०६४ चा इन्फ्रारेड तयार करतो आणि तो केटीपी नावाच्या दुसऱ्या स्फटिकात शिरला की दोन फोटॉनांचा एक होऊन ५३२ चा हिरवा निघतो. बरोबर निम्मी तरंगलांबी. शेवटी उरलासुरला इन्फ्रारेड अडवणारी काच हवी, आणि स्वस्त पेनात नेमकी तीच गाळतात. मग हिरव्यासोबत न दिसणारा उजेडही बाहेर पडतो. हिरवा मंद वाटला म्हणून मूल डोकावून बघतं आणि आतला जोर पूर्ण असतो. नवीन पेनांत थेट हिरवा दिवाही असतो, पण बाहेरून ते कळत नाही. आणि हिरवाही काही कमी नाही, मिरवणुकीत तो समोरच्याच्या डोळ्यातच जायचा.

फोटॉनच्या ऊर्जेच्या या दुपटीची एक गंमत. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सोबत्यांनी ती पहिल्यांदा करून दाखवली. त्यांनी माणकाच्या लेझरचा लाल उजेड क्वार्ट्‌झमधून पाठवला आणि निम्म्या तरंगलांबीचा अगदी पुसट ठिपका फोटोवर मिळवला. छापताना संपादक मंडळींना तो डाग वाटला आणि त्यांनी पुसून टाकला, असं सांगतात. लेखात फक्त ठिपक्याकडे बोट दाखवणारा बाण उरला.

प्रश्न : थर्मल कॅमेऱ्याने भिंतीपलीकडचं दिसतं का? समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने घेतलाय. — नाव नको, माहीम

उत्तर : नाही. त्याला तुमच्या भिंतीचं तापमान दिसतं, आतली माणसं नाहीत. खिडकीची काच बंद असेल तर तीही त्याला भिंतच. साध्या काचेतून हा उजेड जात नाही, म्हणून त्या कॅमेऱ्याचं स्वतःचं भिंग जर्मेनियमचं असतं, आणि किमतीचा बराच भार तेच उचलतं. पडद्याआड उभं राहिलात तरी पुरे. फक्त पातळ प्लास्टिकचा पडदा लावू नका. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत हात घालून त्या कॅमेऱ्यासमोर धरला तर पाचही बोटं मोजता येतात.